पुढच्यास ठेच

क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर, चिप्सच्या दुकानाला लागून
मॉरीनबाईंचं आर्केड आहे.
सगळ्यात आत, संकटकाळच्या दाराशी,
दोन-दोन सीटांची दोन यंत्रं शेजारीशेजारी:
'सॉल्ट रोड', आणि या मे महिन्यापासून 'सॉल्ट रोड टू'.

दुसरी सुंदर आहे, हे आधीच मान्य करतो.
तिच्यातला पाऊस काचेवर पडतो,
थेंब वाऱ्याने तिरके सरकतात.
वळणावर सीट कंबरेला ढकलते.
बोगद्यातून बाहेर पडताना क्षणभर डोळे दिपतात.
एकोणीस रस्ते. एका रस्त्यावर तर मेंढ्या आडव्या येतात
आणि वेळेवर बाजूला होतात, शहाण्या.

पहिलीत तीनच रस्ते.
आभाळ एकाच डब्यातल्या निळ्याचं,
झाडं पुठ्ठ्याची, जवळ गेलं की एकदम मोठी होणारी.
स्टिअरिंग दोन बोटं ढिलं,
पण ते ढिलेपण हाताला ठाऊक होतं,
जशी आपल्या घराच्या कुलपात
किल्ली किंचित उचलून फिरवावी लागते.

मी ग्रिम्सबीला, मासळीच्या कारखान्यात, दोष शोधतो.
पट्ट्यावरून कॉडचे तुकडे येतात.
काटा, डाग, तुटकी कड:
डोळ्याच्या आधी हात उचलतो, बाजूला टाकतो.
शुक्रवारी पाळी सुटली की गिंतारास आणि मी
हात धुऊन, वास तसाच घेऊन,
बसने इथे यायचो.
आमची दोघांची भाषा साठेक शब्दांची.
त्यातले निम्मे माशांचे.

हा दोष मात्र त्याने शोधला.
तिसऱ्या रस्त्यावर, दीपगृहानंतरच्या वळणाला,
कठड्याचा एक तुकडा खोटा होता.
वेग न सोडता धडकलं, तर गाडी आरपार.
पलीकडे कुणी काही रंगवलंच नव्हतं.
राखाडी. ओहोटीला हंबरच्या मुखाशी असतं तसं,
चिखल कुठे संपतो, पाणी कुठे लागतं
हे ठरवायचं राहून गेलेलं.
इंजिन वाजत राहायचं, घड्याळ उलटं उतरत राहायचं.
रस्ताच नाही, तर पुढे कोण आणि मागे कोण!
एकदा आम्ही दोघंही मुद्दाम घुसलो
आणि सव्वीस सेकंद एकमेकांच्या बाजूने गेलो.
"कुठे?" मी विचारलं.
"क्लाइपेडा," तो म्हणाला. "तू?"
मला पटकन सुचेना.
मिरज म्हणालो,
कारण गाडी तिथे बदलावी लागते.

मार्चमध्ये तो परत गेला.
सासूच्या घराचं छप्पर, असं काहीतरी.
छप्पर त्याने दोन्ही हातांनी दाखवलं.

दुसऱ्या भागात ते वळण ठेवलंय.
दीपगृहही आहे, आता त्याचा दिवा फिरतो.
कठडा पक्का.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा:
पहिल्याच्या सगळ्या ठेचा कुणीतरी नीट मोजल्या,
एकेक बुजवली.
मी सहा वेळा धडकून पाहिलं.
ठिणग्या उडाल्या, काय सुरेख ठिणग्या,
बॉनेट चेपलं,
आणि यंत्रानेच मला उचलून रस्त्यावर ठेवलं,
तोंड योग्य दिशेला करून.

जुनीची डावी सीट काळ्या पट्टीने बंद केलीय.
उजवी चालते.
पण एकट्याने त्या राखाडीत जायला
माझ्याच्याने पौंड टाकवत नाही.
मॉरीनबाई म्हणाल्या, सोमवारी व्हॅन येणार,
स्टिअरिंग हवं असेल तर काढून ठेवते.
मी म्हटलं, नको. मग म्हटलं, ठेवा.

सोमवारी पट्ट्यावर एक तुकडा आला,
एका बाजूची कड गेलेला.
काटा नव्हता, दाबून पाहिलं.
हात उचलला होता.
जाऊ दिला.